वाट पाहणाऱ्यांची वस्ती

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातलं शिरड शहापूर दिगंबर जैनांना चांगलं ठाऊक आहे. एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ यांचं अतिशय क्षेत्र इथं आहे आणि लांबलांबून यात्रेकरू या गावाला येतात. तालुक्याच्या ठिकाणी नागनाथाचं ज्योतिर्लिंग. विसोबा खेचरांकडून नामदेवांना उपदेश मिळाला तो औंढ्यालाच, असं वारकरी सांगतात, आणि नामदेवांचं जन्मगाव मानली जाणारी नरसीही याच जिल्ह्यात आहे. हळदीच्या या मुलखात ज्याच्या त्याच्या देवाला शतकानुशतकांचं ठाणं आहे. ख्रिस्ती माणसं मात्र इथं थोडी, आणि आली तीही उशिरा.

पण शिरड शहापूर मध्ये धरून जरा मोठा नकाशा पसरला, तर वायव्येला जालना दिसतं, उत्तरेला वाशीम आणि त्याच्याही वर अकोला, दूर नैर्ऋत्येला पुण्याजवळचं केडगाव. या चार ठिकाणी गेल्या पावणेदोनशे वर्षांत मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसांनी एक मोठी अवघड गोष्ट जगून पाहिली. स्वर्गात गेलेला प्रभू परत येणार आहे, कधी ते कोणालाच ठाऊक नाही, आणि तो येईपर्यंत आपण जागचं हलायचं नाही, या विश्वासावर त्यांनी आयुष्यं काढली.

ख्रिस्ती श्रद्धेचा हा भाग इतरांच्या नजरेतून बहुधा निसटतो. नाताळ सगळ्यांना माहीत असतो, गुड फ्रायडेची सुट्टी असते. पण मंडळीच्या विश्वासाच्या कबुलीत, जी आजही रविवारी उभं राहून म्हटली जाते, येशूचा जन्म, मरण, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण यांच्यानंतर येतं ते त्याचं परत येणं. नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळ म्हणून पाळले जातात, आणि त्यातली वाचनं गोठ्यातल्या बाळाइतकीच या दुसऱ्या आगमनाबद्दल असतात. पहिल्या शतकात, साधारण इसवी सन ५०च्या सुमाराला, पौलानं थेस्सलनीका इथल्या मंडळीला जी पत्रं लिहिली त्यांचा गाभा हाच आहे. तिथल्या लोकांपुढे दोन प्रश्न होते. प्रभू येण्याआधीच आपली माणसं मरू लागली, त्यांचं काय? आणि तो आता येणारच असेल, तर शेतीभाती आणि कामधंदा कशाला करायचा? पौलानं पहिल्यांना धीर दिला. दुसऱ्यांना त्यानं स्पष्ट सांगितलं, की स्थिर राहा आणि आपल्या हातांनी काम करून खा.

मराठी मुलखातला इतिहास पाहिला तर इथल्या विश्वासूंनी पौलाचं हे दुसरं सांगणं फार मनावर घेतल्याचं दिसतं. वाट पाहणाऱ्यांनी इथं विहिरी खणल्या, छापखाना चालवला, दवाखाना उभा केला आणि माळावर गाव वसवलं.

त्या गावाची गोष्ट सुरू होते मुंबईत, १८४३ साली. नारायण शेषाद्री हा विशीतला ब्राह्मण तरुण स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला होता. त्या सप्टेंबरात त्यानं बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, हाही त्याच्यामागोमाग मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडे राहायला गेला. मुंबईत गहजब उडाला. वडिलांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी मुलगा अज्ञान आहे म्हणून त्याला वडिलांच्या हवाली केलं. पुढे परधर्मीयांच्या घरी जेवलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं की नाही यावर शास्त्रीमंडळीत प्रचंड वाद पेटला. त्याला परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. मराठी समाजसुधारणेच्या इतिहासात श्रीपत शेषाद्री प्रकरण म्हणून हे प्रसिद्ध आहे.

या प्रकरणात श्रीपतवर आणि बाळशास्त्रींवर पुष्कळ लिहिलं गेलं. नारायण मात्र तळटिपेत राहिला, आणि हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे. तो सज्ञान होता, म्हणून त्याला कोर्टानं परत पाठवलं नाही. पण घरानं त्याला मेलेल्यात जमा केलं, आणि ज्या भावाचा हात धरून तो निघाला होता तोही गेला. त्याच वर्षी स्कॉटलंडमधली मंडळी फुटली होती. मुंबईचे मिशनरी नव्या फ्री चर्चच्या बाजूनं गेले आणि त्यांच्या हातातली शाळेची इमारतही गेली. म्हणजे ज्यांच्या भरवशावर या तरुणानं घर सोडलं, त्यांच्याच डोक्यावर छप्पर नव्हतं. अशा वेळी परतीची वाट धरायला निमित्तांची वाण नव्हती. नारायण शेषाद्री परतला नाही. त्यानं अभ्यास केला, शिकवलं, उपदेश केला, आणि १८५४ साली त्याला पाळक म्हणून दीक्षा मिळाली.

पुढे, १८६०च्या दशकात, त्यांनी मुंबई सोडली आणि ते जालन्याला आले.

जालनाच का, याचं उत्तर त्या काळच्या राज्यव्यवस्थेत आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. इंग्रजी हद्दीत १८५०च्या कायद्यानं एवढं तरी झालं होतं, की धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जात नव्हता. निजामाच्या मुलखात ते संरक्षण आपोआप मिळत नसे. मिशनरी इथं पाय रोवत ते छावण्यांच्या आधारानं. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची ठाणी जालना, औरंगाबाद, हिंगोली अशी पसरली होती. हिंगोलीची छावणी १९०३ पर्यंत टिकली, आणि आजचं हिंगोली शहर बरंचसं त्या छावणीच्या अंगाखांद्यावर वाढलेलं आहे. छावणी म्हणजे रस्ता, टपाल, बाजार आणि थोडी सुरक्षितता. शेषाद्रींनी सुरुवात छावणीच्या गावातून केली. त्यांना जायचं मात्र होतं छावणीबाहेर, गावकुसाबाहेर.

तिथं मांग आणि महार समाजाची माणसं होती. मांगाचं काम दोर वळण्याचं, केरसुण्या बांधण्याचं, गावच्या सणासमारंभात हलगी-सनई वाजवण्याचं. त्याबदल्यात बलुतं. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसानं देवळापुढे वाजवायला नकार दिला की गावाशी असलेला करारच मोडे. बलुतं थांबे, पाटलाची मर्जी जाई, पाणवठा तर कधीच आपला नव्हता. मुंबईतल्या ब्राह्मण तरुणाचं धर्मांतरानं घर तुटत असे, इथं चूल विझत असे. विश्वासात स्थिर राहा हे उपदेशपीठावरून सांगणं वेगळं आणि सुगीच्या खळ्यावरून रिकाम्या हातानं परतणाऱ्याला सांगणं वेगळं. शेषाद्रींना हे कळलं, आणि त्यांचं मोठेपण यात आहे.

म्हणून त्यांनी गाव मागितलं. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग, अत्यंत मुत्सद्दी आणि सावध गृहस्थ, यांनी जालन्याजवळ शेकडो एकर जमीन दिली. तिथं बेथेल उभं राहिलं. हे नाव बायबलच्या पहिल्याच पुस्तकातलं, याकोबानं धोंड्यावर डोकं टेकून रात्र काढली त्या जागेचं. प्रार्थनामंदिर, शाळा, विहिरी आणि शेतं असलेलं हे गाव त्यांनी वसवलं ते ज्यांना स्वतःची म्हणावी अशी वीतभर जमीन कधी मिळाली नव्हती त्यांच्यासाठी. पूर्वीचा ब्राह्मण आणि पूर्वीचे मांग एका विहिरीचं पाणी पितात, ही त्या काळच्या मराठवाड्यात केवढी मोठी घटना असेल, याची कल्पना आज करणंही कठीण आहे.

शेषाद्री पुढे परदेशांतही गेले. १८७३ साली न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते बोलले, तेही पागोटं बांधूनच. १८९१ मध्ये त्यांचं निधन झालं. अठ्ठेचाळीस वर्षं ते ज्या विश्वासात उभे राहिले, त्याचा शेवट डोळ्यांनी पाहायला मिळेल असं त्यांना वाटत नसावं. तसं वाटण्याचं कारणही होतं. त्या पिढीतल्या स्कॉटिश मिशनऱ्यांची साधारण धारणा अशी, की शाळा, ग्रंथ आणि उपदेश यांनी जग हळूहळू बदलेल, सुवार्तेचा प्रकाश सगळीकडे पसरेल, आणि मग प्रभू येईल. म्हणून त्यांचं काम संथ असे. महाविद्यालयं, व्याकरणं, शब्दकोश आणि गावं अशी शंभर वर्षांच्या हिशेबानं हाती घ्यायची कामं ते करत.

शतक संपता संपता ही चाल बदलली.

अमेरिकेत ए. बी. सिम्प्सन यांनी १८८७ मध्ये सुरू केलेल्या चळवळीतून ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स उभं राहिलं. ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, बरं करणारा आणि येणारा राजा, अशी चौपदरी शिकवण त्यांची होती. यातलं चौथं पद त्यांच्या सगळ्या कामाला वेग देत होतं. सगळ्या राष्ट्रांना सुवार्ता ऐकवली गेली की शेवट येईल, हे येशूचं सांगणं सिम्प्सन यांनी अक्षरशः घेतलं. म्हणजे जिथं अजून कोणी गेलं नाही तिथं आधी जायचं, कारण प्रभूचं येणं त्या गावापाशी अडलं आहे. या मंडळींनी वऱ्हाड आणि खानदेश हे क्षेत्र निवडलं. अकोला, खामगाव, भुसावळ, चाळीसगाव इथं त्यांची ठाणी झाली. बैलगाड्यांवर तंबू लादून थंडीच्या दिवसांत खेडोपाडी फिरायचं, बाजाराच्या दिवशी झाडाखाली उभं राहून गायचं आणि बोलायचं, असा त्यांचा क्रम होता.

पैनगंगेच्या अलीकडे निजामाचा हिंगोलीकडचा मुलूख आणि पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड. १८५३च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेल्यापासून या नदीच्या दोन काठांचा इतिहास वेगळा झाला, आणि ख्रिस्ती मंडळ्यांचाही. पलीकडे रेल्वे, मिशनच्या शाळा, अनाथाश्रम आले. अलीकडे ते फार विरळ राहिले. शिरड शहापूरच्या आसपास ख्रिस्ती वस्ती तुरळक का, याचं एक कारण या नदीत आहे.

पण घाईनं फिरणाऱ्या या मंडळींना थांबवलं दुष्काळानं. १८९६-९७ चा दुष्काळ आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा, ज्याला जुनी माणसं छप्पन्नचा दुष्काळ म्हणत. रस्त्याकडेला मुलं टाकून दिलेली सापडत. राजा लवकर येणार म्हणून पुढच्या गावाकडे धावणाऱ्यांना या मुलांपाशी बसावं लागलं. अकोल्याला अनाथाश्रम उभा राहिला. तिथल्या कामात आयुष्य घातलेल्या जेनी फुलर १९०० साली वारल्या. हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या दुःखावरचं त्यांचं पुस्तक त्याच वर्षी निघालं, आणि त्याला प्रस्तावना होती पंडिता रमाबाईंची.

रमाबाईंशिवाय ही गोष्ट सांगताच येणार नाही. १८५८ मध्ये जन्मलेल्या, संस्कृत पुराणं मुखोद्गत असलेल्या, दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावून भारतभर पायी फिरलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. त्यांच्यावर टीका झाली ती दोन्हीकडून. पुण्याच्या सनातन्यांना आणि सुधारकांनाही त्या धर्म बदलवणाऱ्या वाटल्या. इंग्लंडमधल्या चर्चच्या अधिकाऱ्यांना त्या फारच प्रश्न विचारणाऱ्या वाटल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि बालविधवा घेऊन आल्या, आणि पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला त्यांनी मुक्ती सदन वसवलं. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथं दोन हजारांच्या आसपास माणसं राहत होती.

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींना रोज सकाळी प्रार्थनेला जमायला सांगितलं. सत्तरजणी जमल्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. त्या महिन्याच्या शेवटी मुक्तीत जे घडलं, ते जगभरच्या पेंटेकॉस्टल इतिहासात नोंदलं गेलं आहे. मुली रात्ररात्र रडत, पापं कबूल करत, मोठ्यानं एकाच वेळी प्रार्थना करत, अन्नपाणी विसरत. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. ते चिलीमधल्या ओळखीच्या मिशनरी कुटुंबाकडे गेलं, आणि १९०९ साली तिथं सुरू झालेल्या जागृतीला त्यानं चालना दिली. केडगावच्या माळावरच्या बालविधवांची प्रार्थना दक्षिण अमेरिकेपर्यंत पोहोचली, ही गोष्ट मराठी शाळांच्या पुस्तकांत असायला हवी.

या जागृतीत सामील झालेल्या पुष्कळांचा समज असा होता, की शेवटच्या दिवसांत देव आपल्या आत्म्याच्या ज्या पावसाचं वचन देतो तो हाच, आणि आता प्रभूचं येणं उंबरठ्यावर आलं आहे. अशा समजुतीतून जगात ठिकठिकाणी काय झालं ते ठाऊक आहे. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या हजारो अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरून ठेवला होता. काहींनी शेतातलं पीकही काढलं नाही. तो दिवस गेला, रात्र गेली, आणि ती माणसं उन्मळून पडली.

केडगावला तारीख कोणी ठरवली नाही. मुक्तीत हजारो माणसांना रोज जेवायला लागत होतं. विहिरी खणल्या गेल्या, फळबागा लावल्या गेल्या, मागावर कापड विणलं गेलं, मुली शिवणकाम, दुग्धकाम, तेलघाणीचं काम शिकल्या. आणि रमाबाईंनी याच काळात स्वतःसाठी जे काम निवडलं, ते तर लवकरच सारं संपणार असं वाटणाऱ्या माणसाचं वाटतच नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर! नुकतंच वाचायला शिकलेल्या बाईलाही कळावी अशी भाषा त्यांना हवी होती. त्यासाठी उतारवयात, नीट ऐकू येत नसताना, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी हे सगळं मुक्तीतल्या बायकांनी केलं. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्यांचं निधन झालं, तेव्हा काम हातावेगळं झालेलं होतं. १९२४ मध्ये पूर्ण बायबल निघालं.

श्रद्धेनं वाट पाहणं याचं मराठीतलं सर्वांत भक्कम उदाहरण कोणतं असं विचारलं, तर १९०५ च्या त्या जागलेल्या रात्रींइतकंच, किंबहुना त्यांच्याहून जास्त, पुढच्या सतरा वर्षांच्या या टेबलापाशी मारलेल्या बैठकीकडे बोट दाखवावं लागेल.

मिलर यांच्या मोडलेल्या आशेतून उभी राहिलेली एक शाखाही महाराष्ट्रात आली. सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट या नावातच आगमन आहे. शनिवारी शब्बाथ पाळणारी ही मंडळी तारखा ठरवणं सोडून आरोग्य आणि शिक्षणाकडे वळली. त्यांचा छापखाना १९२४ मध्ये लखनौहून पुण्याला सॉलिसबरी पार्कात आला, आणि १९४२ मध्ये स्पायसर कॉलेजही पुण्यात स्थिरावलं.

शिरड शहापूरच्या आणखी जवळचं उदाहरण वाशीमचं. तिथं आधी मेथडिस्ट मिशन होतं; १९३०च्या दशकात ती जागा नाझरीन मंडळीकडे आली. या मंडळीच्या विश्वासाच्या कलमांत दुसऱ्या आगमनाचं स्वतंत्र कलम आहे. १९३६ मध्ये डॉ. ओर्फा स्पायचर नावाची तरुण अमेरिकन डॉक्टर भारतात आली, आणि १९३८ मध्ये शाळेच्या जुन्या इमारतीत रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. त्यांनी तिथं जवळजवळ चार दशकं काढली. बाळंतपणं, शस्त्रक्रिया, पटकी, सर्पदंश आणि परिचारिकांचं शिक्षण असं सगळं तिथं चाले. आजूबाजूच्या ज्या जिल्ह्यांत ख्रिस्ती उपासना कधी पाहिलीही नसेल, तिथल्या घरांतही वाशीमचा मिशन दवाखाना ठाऊक असे.

वाट पाहण्याची एक खूण मात्र मराठी ख्रिस्ती समाजात इमारतींपेक्षा जुनी आहे आणि साध्यातल्या साध्या घरापर्यंत पोहोचलेली आहे. ती म्हणजे मयताची रीत. मराठवाड्यात पुरण्याची प्रथा परकी नाही. मुसलमान पुरतात, लिंगायत पुरतात, महार-मांगांतही पुष्कळदा पुरण्याचीच चाल होती. म्हणून नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांना कबर खणणं नवं नव्हतं. नवा होता कबरीपाशी बोलला जाणारा मजकूर. हा देह उठणार आहे म्हणून तो इथं ठेवला आहे, असं पाळक सांगत. जुन्या ख्रिस्ती दफनभूमींत पाय पूर्वेकडे करून पुरण्याचा प्रघात याच आशेतून आलेला, कारण प्रभू पूर्वेकडून येईल तेव्हा उठणाऱ्याचं तोंड त्याच्याकडे असावं. मराठी कबरींवर मरण पावला असं लिहिण्याऐवजी ख्रिस्तात निजला असं कोरलेलं दिसतं. ज्यांच्या पूर्वजांच्या थडग्यांना गावानं कधी दगडही लावू दिला नव्हता, त्यांच्या नावानं कोरीव दगड उभा राहिला, त्यावर जन्माची आणि निजण्याची तारीख आली, ही त्या कुटुंबांच्या दृष्टीनं लहान गोष्ट नव्हती.

वारकऱ्यांच्या मुलखात ही श्रद्धा रुजताना तिला तिथला रंग लागणं अटळ होतं. पुंडलिकाच्या कथेत वाट पाहतो तो देव. भक्त आईवडिलांच्या सेवेत गुंतलेला आहे आणि विठ्ठल विटेवर उभा आहे. ख्रिस्ती भक्ताच्या वाट्याला उलट भूमिका आली. इथं उभं राहायचं ते भक्तानं. कवी नारायण वामन टिळकांना या दोन्ही परंपरा आतून माहीत होत्या. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर काही वर्षं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, आणि १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या. त्या वर्षांची होरपळ लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत आहे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत. त्यांनी मंडळीला अभंग आणि कीर्तन दिलं, आणि १९१७ मध्ये, आयुष्याच्या अखेरीस, ‘देवाचा दरबार’ सुरू केला. मिशनच्या पगारावर न जगणारा, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांचा तो मेळावा होता. पूर्ण मराठी वळणाची ख्रिस्ती भक्ती कशी असेल, याचा त्यांना ध्यास होता.

स्थिर राहण्याची किंमत मोजणं शेषाद्रींच्या काळाबरोबर संपलं नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य भारतात विलीन झालं आणि पुढे मराठवाड्यातल्या ख्रिस्ती माणसांना संविधानानं धर्मस्वातंत्र्याची हमी दिली. पण १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्म मानणाऱ्यांपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. ज्या मांग पणजोबांचं बलुतं बाप्तिस्म्यामुळे बंद झालं, त्यांच्या पणतूची शिष्यवृत्ती आणि राखीव जागा त्याच कारणानं जाते. गावात जात विसरलेली नसते, तहसील कार्यालयात मात्र ती विसरावी लागते. पुष्कळ कुटुंबांत एका बाजूला प्रार्थनेचं नाव आणि दुसऱ्या बाजूला दाखल्यावरचं नाव अशी विभागणी झालेली आहे. त्यांना भित्रं म्हणणं सोपं आहे आणि ते फार क्रूर आहे. उघडपणे ख्रिस्ती म्हणून नाव लावणाऱ्यांनी काय सोडलं याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नाच्या अभ्यासासाठी आयोग नेमला. धर्म बदलल्यावर जातीमुळे सोसावा लागणारा भेदभाव कितपत उरतो आणि रीतिरिवाजांत काय बदल होतो, हे त्यानं तपासायचं होतं. यातल्या पहिल्या प्रश्नाची साक्ष मराठवाड्यातलं कुठलंही गावकूस देऊ शकेल. दुसऱ्याची साक्ष जालन्याजवळच्या बेथेलला, केडगावच्या छापखान्यात आणि वाशीमच्या दवाखान्यात नोंदलेली आहे.